गाडी तीनदा गॅरेजला गेली, बिघाड तसाच. मग पैसे कोणी भरायचे?



संस्थेच्या पिकअपच्या दुरुस्तीची बिलं मागच्या मासिक सभेत वाचून दाखवली तेव्हा बराच आवाज झाला. तीन खेपांचे मिळून २०,४५० रुपये. मागून एकांनी विचारलं, "सेक्रेटरीबाब, गाडी दुरुस्त झालीच नाही, तर पैसे दिले कशाला?" प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी आमच्याकडे त्याचं अर्धंच उत्तर होतं. मधल्या काळात आम्ही कागद काढून बघितले, कायद्याच्या जाणकारांना विचारलं, गॅरेजवाल्याबरोबर दोनदा बसलो. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो. हा प्रश्न एकट्या संस्थेच्या गाडीचा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात कार आहे, काही जण स्वतःच्या टेंपोतून मासळी पोचवतात, त्यांच्यावरही ही वेळ येतेच.

आधी काय झालं ते सांगतो. मागच्या मार्चमध्ये बेळगावला माल घेऊन जाताना चोर्ला घाटात गाडीचा टेंपरेचरचा काटा वर चढला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबून पाणी घातलं आणि कशीबशी कणकुंबी गाठली. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवीन घातलं, बिल २,८५० रुपये. मे महिन्यात पुन्हा तेच. मासेमारी बंदीत गाडी तशीही उभी असते, म्हणून जुलैमध्ये वॉटर पंप बदलून घेतला, ६,४०० रुपये. ऑगस्ट-सप्टेंबर गाडी छान चालली. आम्हाला वाटलं, सुटलो. ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि केरीच्या वर गाडी परत बंद. त्या खेपेला बांगड्याचे बावीस क्रेट होते. बर्फ वितळला, दुसरी गाडी येईपर्यंत उशीर झाला, माल निम्म्या भावात गेला. साधारण १४,००० रुपयांचं नुकसान. मग नोव्हेंबरमध्ये रेडिएटरच बदलला, ११,२०० रुपये. डिसेंबरमध्ये काटा पुन्हा वर.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बिघाड शोधला. फॅनच्या अर्थिंगची वायर चासीला जिथे बोल्टने बसवलेली असते, ती जागा गंजून गेली होती. त्याने फॅन चालू ठेवला आणि फॅनच्या निगेटिव्ह वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत मीटर लावला. तिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा, दिसले तीनच्या वर. म्हणजे बारा व्होल्टच्या फॅनला नऊच मिळत होते आणि तो अर्ध्या जिवाने फिरत होता. गंज घासून काढला, नवा लग लावला, ग्रीस भरलं. ६५० रुपये. तेव्हापासून घाटात काटा मध्याच्या वर गेलेला नाही.

हे एवढं खोलात सांगण्याचं कारण आहे. असा बिघाड तीन-तीनदा हुकतो कसा, हे कळल्याशिवाय पैसे कोणी भरायचे हे ठरवता येत नाही. सपाट रस्त्यावर गाडी पन्नास-साठने धावत असली की समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, फॅन मेला असला तरी काटा फारसा हलत नाही. घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन जास्त तापतं आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. तिथे सगळी मदार फॅनवर. गॅरेजवाल्याने प्रत्येक वेळी रिकामी गाडी गावातल्या रस्त्यावर फिरवली, फॅन फिरतोय हे डोळ्यांनी बघितलं, काटा जागेवर बघितला आणि गाडी दिली. जुलैच्या पावसात तर तापायचा प्रश्नच नव्हता. तो खोटं बोलत नव्हता. पण ज्या परिस्थितीत बिघाड येतो ती परिस्थिती त्याने एकदाही तपासली नाही, आणि आम्हीही "जरा भरलेली गाडी घाटात नेऊन बघा" असं एकदाही म्हटलं नाही.

आता पैशांकडे येऊ. आमच्या मते सगळा हिशोब एका गोष्टीवर येऊन थांबतो: गाडी देताना तुम्ही गॅरेजला काय करायला सांगितलं? "थर्मोस्टॅट बदला" असं सांगितलं असेल, तर त्याने थर्मोस्टॅट बदलला, काम पुरं झालं. गाडी नंतर तापली तरी ते पैसे तुमचेच, कारण निदान तुम्ही केलंत. पण "चढावर गाडी तापते, कारण शोधा आणि दुरुस्त करा" असं सांगितलं असेल, तर कुठला पार्ट बदलायचा हे त्याने ठरवलं, निदान त्याचं. ते चुकलं तर पुन्हा तपासण्याची मजुरी तुमच्याकडून घेणं बरोबर नाही, आणि विनाकारण बदललेल्या पार्टचे पैसे मागायला तुम्हाला जागा आहे. आपण बहुतेक जण गाडी देताना काय करतो? चावी देतो आणि फोनवर सांगतो, "बघून घे रे." कागदावर काहीच नाही. मग भांडण झालं की तो म्हणतो तुम्हीच पार्ट बदलायला सांगितला, आपण म्हणतो गाडी नीट करायला सांगितली होती.

आमच्या तिन्ही जॉब कार्डांवर काय लिहिलं होतं ते सांगतो, म्हणजे कोणाला वाटू नये की संस्था फार हुशार होती. पहिल्यावर "ओव्हरहीटिंग, चेक करणे". दुसऱ्यावर "वॉटर पंप बदलणे". तिसऱ्यावर पुन्हा "ओव्हरहीटिंग कंप्लेंट, रेडिएटर". म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या खेपेला आमची बाजू भक्कम, दुसऱ्या खेपेला ढिली. त्या वेळी आमच्यापैकीच एकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून "पंपच गेला असणार" असं गॅरेजला सांगितलं होतं. ही चूक आमची.

प्रत्येक वेळी गॅरेजच दोषी असतं असंही नाही. लक्षण तेच, पण कारण नवीन असू शकतं. जुना बिघाड खरंच दुरुस्त झाला, आणि चार महिन्यांनी पाइप फुटून गाडी पुन्हा तापली, तर ते नवीन काम, पैसे आपले. नवीन घातलेला पार्टच खराब निघाला तर पार्टची वॉरंटी पार्ट बनवणाऱ्याची असते, पण तो विकून बसवणारा गॅरेजवालाच असेल तर आधी त्याच्याकडेच जायचं. "कंपनीशी तुम्हीच बोला" हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की अमुकही करावं लागेल, आणि आपण पैसे वाचवायला "राहू दे सध्या" म्हटलं, तर परत आलेल्या बिघाडाचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

घरच्या कारमध्ये ही गोष्ट सगळ्यात जास्त एसीच्या बाबतीत दिसते. दर उन्हाळ्यात एसी थंड करत नाही, दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यायचा, पैसे द्यायचे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. वर्षभरात संपला याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय. आपल्याकडे खाऱ्या हवेने पुढचा कंडेन्सर लवकर खातो, तर कधी डॅशबोर्डच्या आतली कॉइल गळते आणि ती बाहेरून दिसतही नाही. गळती न शोधता नुसता गॅस भरून "झालं काम" म्हणणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तिथे विचारायचा प्रश्न एकच: लीक टेस्ट केली का, आणि ती बिलावर लिहिली का?

आता कायदा काय म्हणतो ते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्यात 'सेवा' धरली जाते, आणि कामात कमतरता राहिली, हयगय झाली, कबूल केलेलं केलं नाही, तर ती 'सेवेतील त्रुटी'. आयोग त्रुटी दूर करायला सांगू शकतो, पैसे परत द्यायला लावू शकतो, नुकसानभरपाई देववू शकतो. त्याच कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. सदोष सेवेचे पैसे बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत परत द्यायला नकार देणं, हेही त्यातच येतं. यावरून कोणी असं समजू नये की ३० दिवस उलटले की सगळं संपलं. तक्रार दाखल करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात.

तक्रार कुठे करायची? गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा ग्राहक आयोग आहेत. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ही या कायद्यातली सोय आपल्यासाठी मोठी आहे. गाडी बेळगावच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली तरी गोव्यात राहणाऱ्या सभासदाला बेळगावला खेटे घालायला नकोत. बेळगावहून माल न्यायला येणाऱ्या आपल्या व्यापारी मित्रांची गाडी इथे बिघडली तर त्यांनाही तीच सोय. ज्या सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत आहेत त्या तक्रारीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा. फोनने निकाल लागत नाही, पण समोरच्याला निरोप जातो, आणि पुष्कळदा तेवढ्याने माणूस बोलायला तयार होतो.

इथे एक मोठी मेख आहे. संस्थेला ती लागू पडते, म्हणून नीट वाचा. सहकारी संस्था ही या कायद्यात 'व्यक्ती' म्हणून धरली आहे, म्हणजे संस्थाही ग्राहक असू शकते. पण 'व्यापारी कारणासाठी' घेतलेली वस्तू किंवा सेवा असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरलेल्या वस्तूला मात्र यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे उदाहरणं देऊन सांगितलं: जो स्वतः रिक्षा चालवून पोट भरतो, स्वतःचा ट्रक स्वतः चालवतो, तो ग्राहक. मदतीला एखाद-दुसरा माणूस घेतला म्हणून त्याचा हक्क जात नाही. पण जो वाहन विकत घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेतो, तो ग्राहक नाही. तो खटला वस्तूच्या खरेदीचा होता, दुरुस्तीचा नव्हे, तरी रोख कळतो. म्हणजे स्वतःच्या टेंपोचं स्टेअरिंग स्वतः धरणाऱ्या सभासदाची बाजू चांगली. घरच्या कारला तर काही अडचणच नाही. पण संस्थेची पिकअप पगारी ड्रायव्हर चालवतो, तिच्याबद्दल समोरचा वकील पहिल्याच दिवशी "हा व्यापारी वापर" म्हणून उभा राहणार. आम्हाला मिळालेला सल्ला असा, की वीस हजारांसाठी त्या वादात शिरू नये. दिवाणी दाव्याचा मार्ग उघडा होता, पण त्यात किती हंगाम जातील याचा विचार करा.

आणि आता सभेतला तो प्रश्न: पैसे दिले कशाला? भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने ठरल्याप्रमाणे तुमच्या वस्तूवर मेहनत केली आहे, तो मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवू शकतो. गॅरेजवाला याच आधारावर म्हणतो, "बिल भरा, मग गाडी न्या." काम ठरल्याप्रमाणे झालंच नाही असं आपण म्हणू शकतो, पण ते सिद्ध होईपर्यंत गाडी त्याच्या दारात आणि मासळी आपल्या जेटीवर. म्हणून भरले. चूक भरण्यात नव्हती, मुकाट्याने भरण्यात होती. बिलाच्या दोन्ही प्रतींवर "बिघाडाबद्दलची तक्रार राखून रक्कम भरली" एवढी ओळ लिहून सही करायला हवी होती. रक्कम भरली म्हणजे काम मान्य केलं, असं मग कोणी म्हणू शकत नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही ती लिहिली. पहिल्या दोन खेपांना लिहिली नाही.

बांगड्याच्या नुकसानीचं काय, असंही काहींनी विचारलं. ते आम्ही मागितलं, पण धरून बसलो नाही. करार कायद्याचं कलम ७३ सांगतं की करार मोडल्यामुळे जे नुकसान नेहमीच्या ओघात होतं, किंवा जे होईल हे करार करतानाच दोघांना ठाऊक होतं, तेच मागता येतं. लांबचं, आडवळणाचं नुकसान मागता येत नाही. गाडी मासळीची आहे हे गॅरेजवाल्याला माहीत होतं, वासावरूनच कळतं म्हणा. पण नुकसान टाळायला आपल्या हातात काय होतं हेही बघितलं जातं. मे महिन्यात घाटात तापलेली गाडी आम्ही भर घाटात कधीच तपासली नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात बावीस क्रेट घालून सरळ पाठवली. पावसात दोन महिने चालली एवढाच आमचा भरवसा. तिथे आमचं पारडं हलकं होतं.

शिवाय अर्थिंग गंजलं कशाने? क्रेटमधून गळणाऱ्या बर्फाच्या खाऱ्या पाण्याने. हौद्याचा निचऱ्याचा पाइप तुटून महिने झाले होते, पाणी थेट चासीवर त्याच जागी पडत होतं. ड्रायव्हरने दोनदा सांगितलं होतं, कमिटीने पुढच्या महिन्यावर ढकललं. हे गॅरेजवाल्याने आम्हाला ऐकवलं आणि आम्हाला ते ऐकून घ्यावं लागलं.

तडजोड अशी झाली. पहिल्या खेपेचे २,८५० आम्ही सोडले. थर्मोस्टॅट सहा वर्षांचा होता, बदलायला झालाच होता, कूलंटही वापरात आहे. वॉटर पंप नवा बसलाय, त्याचा उपयोग गाडीला होणारच, म्हणून पार्टचे ४,२०० आमचे आणि मजुरीचे २,२०० त्याने परत केले. खरं तर पंप आम्हीच सांगितला होता, पण कारण न तपासता त्याने तो बसवला, म्हणून त्याने ते मान्य केलं. रेडिएटरवर खरं भांडण झालं. पार्ट ८,७००, मजुरी २,५००. जुना रेडिएटर प्रेशर लावून तपासला असता तर तो चांगला आहे की नाही ते कळलं असतं. तपासला नव्हता, आणि आम्ही मागितला तेव्हा तो भंगारात गेलेला. जुना पार्ट नाही, तपासणीचा कागद नाही, तर रेडिएटर खराब होता हे तो सिद्ध करणार कसं? आणि चांगला होता हे आम्ही तरी कसं करणार? शेवटी मजुरी पूर्ण परत आणि पार्टची निम्मी किंमत, ४,३५०, पुढच्या कामात वळती. एकूण ९,०५० रुपये. त्यातले ४,७०० संस्थेच्या खात्यात जमा झाले आहेत. बाकीचे सर्व्हिसिंगच्या बिलातून वजा होतील, ते प्रत्येक वेळी सभेत दाखवू.

काहींना हे कमी वाटेल. आमच्या मते ठीक आहे. चांगला मेकॅनिक सहज मिळत नाही, आणि हा माणूस नंतर आमच्या समोर त्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर कसा लावायचा ते बघून गेला.

यापुढे संस्थेची गाडी गॅरेजला जाताना आम्ही काही गोष्टी पाळणार आहोत, तुम्हीही घरच्या गाडीला पाळा. जॉब कार्डावर पार्टचं नाव नाही, लक्षण लिहायचं, आणि ते कधी येतं तेही: भरलेली गाडी, चढ, दुसरा गिअर, दुपार, किती किलोमीटर गेल्यावर. कंप्युटरवर कोड बघितला तर तो लिहून घ्यायचा. कोड म्हणजे खूण, निदान नव्हे. एक सेन्सर रडतो म्हणून सेन्सरच खराब असं नसतं, कित्येकदा त्याची वायर खराब असते, आणि आपल्याकडे खाऱ्या पाण्यामुळे तर जास्तच. ठरलेल्या रकमेच्या वर खर्च जात असेल तर आधी विचारा, असं लिहून ठेवायचं. बदललेला जुना पार्ट परत मागायचा, कितीही तेलकट असला तरी. गाडी ताब्यात घेताना, जिथे बिघाड येतो तिथे मेकॅनिकला शेजारी बसवून न्यायचं. चोर्ला लांब पडला तर गावातला कुठलाही उभा चढ भरलेल्या गाडीने चढून बघायचा. बिल पक्कं घ्यायचं. "बिल नको तर पाचशे कमी" म्हणणाऱ्याला नमस्कार, कारण त्या पाचशेत आपण आपला पुरावा विकतो.

बिघाड परत आला तर पहिल्याच दिवशी फोटो, काट्याचा व्हिडिओ, किलोमीटर आणि तारीख त्या गॅरेजला व्हॉट्सअॅपवर पाठवायची. दुसऱ्या मेकॅनिककडे जाण्याआधी पहिल्याला एक लेखी संधी द्यायची, नाहीतर तो म्हणणार की दुसऱ्यानेच बिघडवलं. तरीही दुसऱ्याकडे जायची वेळ आली, तर त्याने काय सापडलं ते त्याच्या बिलावर लिहून घ्यायचं. आमच्या ६५० रुपयांच्या बिलावर "फॅन अर्थ पॉइंट गंजलेला, व्होल्टेज ड्रॉप ३ च्या वर" एवढं लिहिलेलं होतं. ९,०५० रुपये त्या एका ओळीमुळे परत आले.

गाडी नवी असून कंपनीच्या वॉरंटीत असेल तर डीलर आणि कंपनी दोघांनाही एकाच पत्रात लिहा, एकमेकांवर ढकलायला जागा ठेवू नका. आणि साधा विमा यात उपयोगाचा नाही. अपघात झाला तर विमा, यंत्र आपोआप बिघडलं तर तो भरून देत नाही.

निचऱ्याचा पाइप मागच्या आठवड्यात बदलला, ३८० रुपये. जॉब कार्डाबरोबर जोडायचा एक पानी मराठी नमुना आम्ही तयार केला आहे, कार्यालयात सकाळी दहा ते एक या वेळेत मिळेल. ज्यांच्या गाडीचा असाच वाद चालू आहे त्यांनी बिलं, जुने मेसेज आणि असेल तर जुना पार्ट घेऊन यावं. पार्ट पिशवीत घालून आणा, टेबलावर हिशोबाची वही असते.